सर्व्होची बैठक

नायट्रो इंधनावर धावणाऱ्या रिमोटच्या मोटारीत दोन सर्व्हो असतात. एक पुढची चाकं वळवतो. दुसरा कार्ब्युरेटर उघडतो आणि उलटा फिरला की ब्रेक लावतो. सर्व्होच्या कानांत रबरी बुश, बुशात छोटी पितळी नळी आणि त्या नळीतून स्क्रू, अशी त्यांची बैठक असते. ही बुशं अनेकांना फालतू वाटतात आणि पुडीतच राहून जातात. पण या मोटारीत सर्व्हो तग धरतो तो मुख्यतः त्यांच्या जिवावर, आणि सर्व्होच्या मूळ घराण्यात रबर नव्हतंच.

ते घराणं जहाजांचं. ‘ग्रेट ईस्टर्न’ या प्रचंड जहाजावर 1860च्या दशकात जॉन मॅक्फार्लेन ग्रे यांनी वाफेवर सुकाणू वळवणारं यंत्र बसवलं. सुकाणू हवं तितकं वळलं की यंत्र आपोआप थांबे. पुढे 1873 साली फ्रान्सच्या जोसेफ फार्को यांनी अशा यंत्रांवर ग्रंथ लिहिला आणि ‘सर्व्हो’ हे नाव रूढ झालं. याच घराण्याची एक शाखा तारापूरच्या अणुकेंद्रातल्या कामाशी येऊन भिडते. किरणोत्सारी पदार्थ भिंतीआडून हाताळण्यासाठी अमेरिकेच्या अरगॉन प्रयोगशाळेत रेमंड गोर्ट्झ यांनी 1949च्या सुमारास यांत्रिक मास्टर-स्लेव्ह हात बनवले आणि 1954 साली त्यांना विजेच्या सर्व्होंची जोड दिली. तारापूरला 1969 साली अणुवीज निर्माण होऊ लागली. पुढे तिथेच इंधन पुनर्प्रक्रियेचे आणि किरणोत्सारी कचरा काचेत बंदिस्त करण्याचे प्रकल्प उभे राहिले. जाड काँक्रीटच्या भिंतीआड, शिशाच्या काचेतून बघत असे हात चालवणं हा तिथल्या कामाचा भाग आहे, आणि सर्व्होवर चालणारे हात भाभा अणुसंशोधन केंद्रानेही विकसित केले आहेत. मात्र जहाजाचा सांगाडा काय किंवा तारापूरची भिंत काय, बैठक भक्कम आणि आधार अवजड. घट्ट आवळणं हेच तिथे शहाणपण.

रबर आलं इंजिनाच्या घरातून. चार सिलिंडरच्या इंजिनाची थरथर प्रवाशांपर्यंत पोचू नये म्हणून क्रायस्लर कंपनीने 1931 साली प्लिमथ मोटारीचं इंजिन रबरावर तरंगतं ठेवलं. लगोलग सित्रोएननेही ती पद्धत परवान्यावर घेतली. ‘इंजिन माउंटिंग गेलंय’ असं आज तारापूरजवळच्या बोईसरच्या गॅरेजात म्हणतात, ते याच रबराबद्दल. इंजिनाच्या खेळण्यांत रेडिओ शिरला तेव्हा या दोन घराण्यांची सोयरीक झाली. अमेरिकेत गुड बंधूंनी 1930च्या दशकाच्या उत्तरार्धात रेडिओवर मॉडेल विमान उडवलं. त्या पिढीच्या यंत्रणेत सुकाणू डावीकडे, उजवीकडे किंवा मध्ये, इतकंच जाई. किती वळलं हे मोजणारं काही नव्हतं, त्यामुळे हादऱ्याने मोजमाप चुकण्याचा प्रश्नही नव्हता. 1960च्या दशकात प्रमाणात वळणारे सर्व्हो आले आणि त्यांच्या पोटात किती वळलं ते मोजणारा पोटेन्शिओमीटर आला. त्याचा नाजूक सरकता काटा हाच सर्व्होचा डोळा. नायट्रोचं टू-स्ट्रोक इंजिन मिनिटाला तीस हजार फेरे घेतं तेव्हा सेकंदाला 500 स्फोट होतात. नेहमीच्या रेडिओवरून सर्व्होला सेकंदाला साधारण 50 संदेश मिळतात. म्हणजे एका आज्ञेपासून दुसऱ्या आज्ञेपर्यंत दहा दणके. त्या दणक्यांनी काट्याखालचा पट्टा झिजतो, मोजमाप उड्या मारू लागतं, झाळलेले जोड तडकतात.

बोईसर-तारापूर एमआयडीसीसारख्या रसायनांच्या वसाहतींतले इन्स्ट्रुमेंटवाले हा विकार ओळखतात. कंट्रोल व्हॉल्व्ह सांगितला तितकाच उघडा ठेवणारा पोझिशनर हा सर्व्होचाच भाऊबंद. पाइपलाइन फार थरथरत असेल तर त्याची फीडबॅकची दांडी सैल होते आणि व्हॉल्व्ह हेलकावे खायला लागतो. तिथला एक उपाय म्हणजे व्हॉल्व्हवर फक्त स्थान मोजणारा भाग ठेवायचा आणि बाकीचा पोझिशनर थोडा दूर, स्थिर जागी बसवायचा. हातभर लांबीच्या मोटारीत दूर जायला जागाच नाही. ते अंतर काही मिलिमीटर रबरातूनच मिळवावं लागतं.

रबरामुळे स्टिअरिंग ढिलं पडतं, हा आक्षेप सरसकट खोडता येत नाही. पण तो बहुतेक वेळा चुकीच्या जोडणीला लागू पडतो. पितळी नळी रबरापेक्षा किंचित आखूड असते, ती याच हिशेबाने. स्क्रू नळीवर टेकून थांबतो आणि रबर ठरावीकच दाबलं जातं. नळीच्या एका टोकाची रुंद कड बैठकीच्या बाजूला हवी. ती उलटी बसली की हा हिशेब बिघडतो. शिवाय चाकाला धक्का बसला तर सर्व्होचे दाते वाचावेत म्हणून मध्ये स्प्रिंगचा सर्व्हो-सेव्हर असतोच. ताठरपणासाठी रबर काढणाऱ्यांनी ही मुद्दाम ठेवलेली लवचीकताही हिशेबात धरायला हवी. विजेच्या मोटारींत सर्व्हो थेट आवळतात, हे खरं आहे. पण तिथे फेऱ्यागणिक स्फोट होत नाही. बिनस्पर्शी चुंबकीय सेन्सरचे नवे सर्व्हो आल्यावर तरी रबर सुटेल का? काट्याची झीज टळते, एवढं नक्की. झाळलेले जोड आणि तारा मात्र त्याच दणक्यांत राहतात. प्रत्येक शर्यतीनंतर गाडी पूर्ण खोलून तपासणाऱ्याने घट्ट बैठक पत्करली तर ते समजण्यासारखं आहे. बाकीच्यांनी बुशं घालावीत आणि इंधनाच्या तेलाने फुगली की बदलावीत.