कोटणीस चीनला पोहोचले कसे?

सोलापुरात भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं जन्मघर आहे, आता त्याचं स्मारक झालंय. त्यांची चीनमधली रुग्णसेवा आणि ९ डिसेंबर १९४२ चा मृत्यू आपल्याला शाळेपासून पाठ असतो. पण तुम्ही संशोधनाच्या तयारीत आहात, तेव्हा जरा साधा प्रश्न विचारून बघा: हा माणूस तिथे गेला कुठल्या वाटेने, आणि त्याला जाऊ कोणी दिलं?

वाट आधी बघू. पाच डॉक्टरांचं पथक १ सप्टेंबर १९३८ ला मुंबईहून ‘राजपुताना’ बोटीने निघालं आणि हाँगकाँगमार्गे कँटनला पोहोचलं. शांघायला का नाही? नकाशा आणि तारखा शेजारी ठेवा. शांघाय नोव्हेंबर १९३७ मध्येच जपान्यांकडे गेलं होतं. हाँगकाँग ब्रिटिशांचं, तिथून कँटनचा रस्ता अजून उघडा होता. २१ ऑक्टोबरला कँटनही पडलं. म्हणजे बोट दीड महिना उशिरा सुटली असती, तर ही वाटच उरली नसती! चरित्रात ‘मग ते चीनला गेले’ एवढं एकच वाक्य असतं, त्याच्या पोटात हे सगळं दडलेलं असतं.

आता परवानगी. चू ते यांनी नेहरूंकडे मदत मागितली, सुभाषबाबू तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष, पथक काँग्रेसने पाठवलं. पासपोर्ट मात्र ब्रिटिश सरकारने द्यायचा! कलकत्त्याचे डॉ. रणेन सेन यांची निवड झाली होती. ते कम्युनिस्ट, त्यांना पासपोर्ट नाकारला, आणि त्यांच्या जागी डॉ. विजयकुमार बसू गेले. अटल, चोळकर, कोटणीस, मुखर्जी आणि बसू ही नावं आपण सलग म्हणतो, त्यातलं पाचवं नाव एका नकारामुळे आलेलं आहे.

त्या काळी पासपोर्ट मिळणं ही सरकारची मर्जी होती. स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षं तसंच चाललं. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला, आणि त्याच वर्षी पासपोर्ट कायदा आला.

तेव्हा कुठल्याही पथकाचा, शिष्टमंडळाचा अभ्यास करताना दोन याद्या करा: एक ठरलेल्यांची, एक पोहोचलेल्यांची. मी पहिल्या वर्षी फक्त दुसरीच केली होती.