सांगली-कोल्हापूरचे कानडी प्राचार्य

आपल्या साखळीहून चोर्ला घाट चढून गेले की कणकुंबी लागते. माउलीचे देऊळ, मलप्रभेचा उगम आणि लोकांच्या तोंडी मराठी. तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव. हा जिल्हा पूर्वी मुंबई राज्यात होता. 1 नोव्हेंबर 1956 रोजी तो म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. हद्द हलली की भाषेचे नाते कसे बदलते, हे पाहायचे तर एका प्राचार्याची कारकीर्द पाहावी.

विनायक कृष्ण गोकाक. जन्म 1909, सावनूर. शिक्षण धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात. कन्नडमध्ये 'विनायक' या नावाने कविता लिहीत आणि पोटापाण्यासाठी इंग्रजी शिकवीत. 1931 मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात लागले. पुढे ऑक्सफर्डला जाऊन पहिल्या वर्गात पदवी घेतली. 1938 मध्ये परतल्यावर सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजचे प्राचार्यपद त्यांच्याकडे आले. फर्ग्युसन आणि विलिंग्डन, दोन्ही डेक्कन एज्युकेशन सोसायटीची. टिळक-आगरकरांच्या या संस्थेने सांगलीसारख्या मराठी गावचे कॉलेज एका कानडी कवीच्या हाती दिले!

नंतर गुजरातेत विसनगरला काही वर्षे काढून ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य झाले. कोल्हापूर संस्थान 1949 मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले होते. 1952 मध्ये ते धारवाडला, ज्या कॉलेजात शिकले त्याच कॉलेजचे प्राचार्य होऊन गेले. तेव्हा कोल्हापूर आणि धारवाड एकाच मुंबई सरकारच्या अमलाखाली होते. चार वर्षांनी या दोन गावांमध्ये राज्याची हद्द आली.

उलटा प्रवासही होता. द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी, पण कवी कन्नडचे. ते 1944 ते 1956 सोलापूरच्या कॉलेजात कन्नड शिकवीत होते. बेंद्रे आणि गोकाक धारवाडच्या एकाच साहित्यमंडळातले. दोघांनाही पुढे ज्ञानपीठ मिळाले, बेंद्र्यांना 1973 चे आणि गोकाकांना 1990 चे.

आता पुढचा भाग. कर्नाटकात संस्कृत पहिली भाषा म्हणून घेऊन, कन्नड न शिकताही विद्यार्थी शाळा पार करीत. या प्रश्नावर सरकारने गोकाकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 1981 मध्ये तिचा अहवाल आला. माध्यमिक शाळेत पहिली भाषा एकटी कन्नडच असावी आणि तिला 150 गुण असावेत, अशी त्याची शिफारस. ती अमलात यावी म्हणून 1982 मध्ये मोठे आंदोलन झाले. नट राजकुमार त्यात उतरले आणि चळवळीलाच 'गोकाक चळवळ' हे नाव पडले. आपल्याच राज्यात आपल्या भाषेला मान हवा, ही कन्नडिगांची मागणी चूक म्हणता येणार नाही. पण त्याच नियमाने खानापूर-बेळगावच्या मराठी मुलाची मातृभाषा पहिल्या जागेवरून खाली येणार होती. मराठी मुलांना वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या माणसाचे नाव सीमाभागातल्या मराठी घरांत धास्तीचे ठरले.

माणूस तोच होता. सांगलीत त्याच्याकडे विद्या होती, कन्नडची सत्ता नव्हती. बंगळुरात भाषेमागे सरकार उभे होते.

राजभाषेचा वाद आणि 1987 चा कायदा आपण गोमंतकीयांनी अनुभवला आहे. म्हणून हे आपल्याला लवकर कळायला हवे. शेजारची भाषा बोलणाऱ्याला आपल्या कॉलेजच्या सर्वोच्च खुर्चीत निर्धास्तपणे बसवणारा समाज एके काळी याच पट्ट्यात होता. हद्दीचा निकाल कुणाच्याही बाजूने लागो, तो निर्धास्तपणा आपोआप परत येणार नाही.