मावळातील जुनी नाणी व नोटा

चलनातून गेलेली अथवा जाण्याच्या मार्गावर असलेली नाणी व नोटा स्थानिक बँकांच्या भरण्यात अधूनमधून आढळतात. पुणे जिल्ह्याच्या पश्चिम भागातील मावळ तालुक्यात या आढळाला विशेष ऐतिहासिक पार्श्वभूमी आहे. कोकणातील बंदरांना व पुढे मुंबईला देशाशी जोडणारा बोरघाट लोणावळे–खंडाळ्याजवळ असून सुमारे दोन हजार वर्षे पैसा घाटवाटांनी चढत-उतरत आला आहे. अशा नाण्याची बाजारातील किंमत येथे गौण होय. ते कोठून आले, कोणत्या नाण्यांबरोबर आले व किती झिजले, यांवर त्याचे इतिहासातील मोल ठरते. आणि बँकेच्या खिडकीत नेमकी हीच माहिती सर्वांत आधी नाहीशी होते.

मावळाचे नाव कार्ले येथील लेण्यातील प्राकृत लेखात ‘मामाल’ या रूपात येते. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने करजिक हे गाव वलूरक म्हणजे कार्ले येथील भिक्षूंना दान दिले होते. नंतरच्या एका लेखात मामाल येथील अमात्याला उद्देशून काढलेली राजाज्ञा असून तीत त्याच गावाचे दान भिक्षूंकडे चालू ठेवले आहे. ही आज्ञा सातवाहन राजाची मानली जाते. याच उषवदाताच्या नासिक येथील लेखात ३,००० कार्षापणांची कायम ठेव नोंदविली आहे : २,००० एका विणकर-श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, १,००० दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. ठेव, व्याज व लेखी नोंद असा हा व्यवहार पाहता महाराष्ट्रातील स्थानिक बँकेचा पूर्वज या श्रेणींत शोधण्यास हरकत नाही.

क्षत्रपांकडून सातवाहनांकडे झालेले हे सत्तांतर नाण्यांतही उमटले आहे. १९०६ मध्ये नासिकजवळ जोगळटेंभी येथे नहपानाच्या चांदीच्या तेरा हजारांवर नाण्यांचा साठा मिळाला. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकली होती. एच. आर. स्कॉट यांना हा साठा बहुतांशी एकत्र तपासता आला, म्हणूनच जुनी व पुनर्मुद्रित नाणी यांचे प्रमाण कळले. तीच नाणी सुटी होऊन सराफांच्या मुशीत गेली असती, तर हा पुरावा उरला नसता.

मराठेशाहीत सामान्यांच्या हाती असे ते शिवराई हे तांब्याचे नाणे. त्याच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे असत. पेशवाईत दुदांडी इत्यादी प्रकारांच्या शिवराया पडल्या आणि इंग्रजी अंमलातही त्या दीर्घकाळ बाजारात फिरत राहिल्या. पुणे, चिंचवड आदी ठिकाणच्या टांकसाळींतून निघालेल्या रुपयांची कस व वजने भिन्न असल्याने प्रत्येक देवघेवीत पोतदाराची पारख व सराफाचा बट्टा अपरिहार्य होता. पैसा मोजण्याआधी ओळखावा लागे, हे त्या काळच्या व्यवहाराचे वैशिष्ट्य आज सहसा ध्यानात येत नाही.

१८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि मुंबईच्या नव्या टांकसाळीचे कामही त्याच सुमारास सुरू झाले. १८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारचा एकसारखा रुपया ठरला. १८६३ मध्ये घाटातील लोहमार्ग पूर्ण झाला. या कामावर हजारो मजूर राबत होते. त्यांची मजुरी नाण्यांत चुकती होत असल्याने यंत्रावर पाडलेला कलदार रुपया आडगावांतही पोहोचला असला पाहिजे. मुंबईच्या नाण्यांवर वर्षाखाली ठिपका किंवा चौकटीसारखी खूण आढळते, कलकत्त्याच्या नाण्यांवर बहुधा खूण नसते आणि हैदराबादच्या अलीकडील नाण्यांवर तारा असतो. मुंबईच्या सान्निध्यामुळे मावळात मुंबईची खूण अधिक असावी, असा तर्क स्वाभाविक आहे; पण शाखांनी भरण्यातील नाण्यांची तशी मोजणी ठेवल्यासच तो पडताळता येईल.

चांदीचे रुपये बँकेत आज का सापडत नाहीत, याचे उत्तर दुसऱ्या महायुद्धात आहे. १९४० पासून रुपयातील चांदी निम्म्यावर आणली गेली व पुढील तीन वर्षांत जुने शुद्धतर रुपये टप्प्याटप्प्याने चलनातून काढून घेण्यात आले. राणीछाप व राजाछाप रुपये जे राहिले, ते घरोघरच्या लक्ष्मीपूजनाच्या ताटात. १९४३ पासूनच्या भोकाच्या पैशात धातूची बचत उघडच दिसते. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धत आली. १६ आणे, ६४ पैसे व १९२ पै यांचा हिशोब संपला आणि चवली, पावली, अधेली हे शब्द नाण्यांपेक्षा जास्त टिकले. ‘नया पैसा’ यातील ‘नया’ हे विशेषण १९६४ मध्ये वगळण्यात आले. २५ पैसे व त्याखालील नाणी ३० जून २०११ पासून बाद झाली.

यानंतर भरण्यात मिळणारी लक्षणीय नाणी बहुधा साधी व अलीकडची असतात. उदा., १९६४ चा नेहरूंची मुद्रा असलेला रुपया, १९८५ मध्ये मोडीच्या टंचाईमुळे परदेशी टांकसाळींतून पाडून आणलेले रुपये, १९९९ चे छत्रपती शिवाजी महाराजांचे व २००२ चे संत तुकारामांचे दोन रुपयांचे नाणे. लोणावळ्याजवळ उगम पावणाऱ्या इंद्रायणीच्या काठी देहू व आळंदी ही क्षेत्रे आहेत, तर कार्ल्याच्या डोंगरावर एकवीरेचे स्थान आहे. यात्रेकरूंची मोड दानपेटीतून बँकेत जाते आणि घरात वर्षानुवर्षे पडून असलेले नाणे देवापुढे येण्याचा संभव अधिक असल्याने जुन्या नाण्यांचा हा एक मोठा मार्ग ठरतो.

नोटांचे आयुष्य याहून कमी. मळलेल्या नोटा शाखेतून करन्सी चेस्टमध्ये व तेथून रिझर्व्ह बँकेकडे जाऊन नष्ट केल्या जातात. रिझर्व्ह बँकेच्या नोटेवर गव्हर्नरची, तर एक रुपयाच्या नोटेवर केंद्रीय वित्त सचिवाची सही असते. यामुळे नोटेचा काळ ठरविणे सोपे जाते. सहाव्या जॉर्जचे चित्र असलेल्या काही नोटांवर महाडजवळील नाते येथे जन्मलेल्या चिंतामणराव देशमुखांची (गव्हर्नर १९४३–४९) सही आढळते. मोठ्या नोटा १९४६, १९७८ व २०१६ अशा तीनदा बाद करण्यात आल्या.

संग्राहकाला नाणे देताना रोखपाल बहुधा केवळ दर्शनी किंमत घेतो. त्यात गैर काही नाही. मात्र शाखा, तारीख, थैलीतील इतर नाणी व वजन यांची चार ओळींची नोंद झाली, तर सुट्या नाण्यालाही थोडाबहुत संदर्भ मिळतो. घासूनपुसून चकचकीत केलेले नाणे अभ्यासाच्या दृष्टीने निम्मे वाया गेलेले असते. ‘दुर्मिळ क्रमांकाची नोट लाखांना’ अशा जाहिरातींनी मात्र बरीच हानी केली आहे. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदीविक्रीसाठी आपल्या नावाचा गैरवापर होत असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला. अशा व्यवहारांत ती भाग घेत नाही व शुल्कही आकारीत नाही.

जमिनीत सापडलेल्या नाण्यांना वेगळा नियम लागू होतो. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किंमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. मावळातील शेतात नांगराला लागलेले मडके बँकेत अथवा सराफाकडे नेणे म्हणूनच चुकीचे ठरते. २०१६ मध्ये बाद झालेल्या नोटांबाबत २०१७ च्या कायद्याने सामान्य व्यक्तीस एकूण दहापर्यंत, तर अभ्यास, संशोधन वा नाणकशास्त्र यांसाठी पंचवीसपर्यंत नोटा बाळगण्याची मुभा ठेवली आहे.