काचेवरचा फोटो आणि घडीचा कॅमेरा

आज कॅमेऱ्याविषयी बोलू. मोबाईलमधल्या नाही, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या. त्यात रोल नव्हता, बॅटरी नव्हती. होती ती एक काच, एक भिंग आणि मध्ये लोहाराच्या भात्यासारखी चुणीदार कातडी पिशवी.

एक फोटो तुमच्यापैकी अनेकींनी शाळेच्या पुस्तकात किंवा मोबाईलवर पाहिला असेल. तो १० ऑक्टोबर १८८५ ला अमेरिकेत, फिलाडेल्फिया शहरात काढलेला आहे. त्यात तिघीजणी आहेत. साडीतल्या आपल्या आनंदीबाई जोशी, किमोनो घातलेल्या जपानच्या केइ ओकामी आणि सीरिया देशातल्या ताबात इस्लामबूली. तिघी बायकांच्या वैद्यकीय कॉलेजात शिकत होत्या आणि तिघींनी आपापल्या देशाचा पोशाख केला होता. पुढच्याच वर्षी आनंदीबाई डॉक्टर झाल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात वारल्या. वय एकवीस. ओकामीबाई १८८९ मध्ये डॉक्टर होऊन जपानला परतल्या. तो फोटो आज जगभर ओळखला जातो. याचं कारण आम्हाला साधं वाटतं. त्याच्या खाली तिघींची नावं आणि गावं लिहिलेली आहेत.

त्या काळी फोटो काचेवर यायचा. काचेवर चांदीच्या क्षाराचा थर द्यायचा. त्याला फोटोवाले मसाला म्हणत. या क्षारावर जिथं उजेड पडतो, तिथं तो पुढं औषधात बुडवल्यावर काळा होतो. म्हणजे काचेवर सगळं उलटं दिसतं. पांढरं पातळ काळं आणि काळे केस पांढरे. मग ती काच कागदावर ठेवून उजेड दाखवला की कागदावर सरळ चित्र उमटतं. एका काचेवरून हव्या तितक्या प्रती निघतात, म्हणून काच जपून ठेवायची.

सुरुवातीला हा मसाला ओला असतानाच सगळं उरकावं लागे. ही रीत १८५१ मध्ये इंग्लंडात फ्रेडरिक आर्चर यांनी काढली. काचेवर चिकट द्रव ओतायचा, चांदीच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, आणि सुकायच्या आत अंधारात धुवायची. हाताशी जेमतेम दहा मिनिटं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तेवढीही नाहीत. म्हणून फोटोवाल्याला तंबू, बाटल्या, पाण्याचे हंडे आणि ते वाहायला माणसं किंवा बैल लागत. राजगड-तोरण्याच्या चढावर हे बिऱ्हाड न्यायचं म्हणजे काय, ते डोक्यावर हंडा घेऊन चढणारीला वेगळं सांगायला नको.

तरी आपल्या मुलखात ही कला फार लवकर आली. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि पुढच्या वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. त्या वर्गातून हरिश्चंद्र चिंतामण पुढे आले आणि मुंबईतले पहिल्या पिढीचे देशी फोटोग्राफर झाले. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हेही डॉक्टर होते आणि फोटोही काढत. म्हणजे हा नुसता साहेबांचा छंद नव्हता.

बायकांचे फोटो मात्र कसे निघाले ते पाहा. १८६० च्या दशकात विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतल्या जातीजमातींच्या फोटोंची पुस्तकं काढली. सरकारनं १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाचे आठ खंड छापले. त्या पुस्तकांत माणूस येतो तो जातीचा किंवा धंद्याचा नमुना म्हणून. बाई असली तर खाली तिची जात लिहिलेली असते आणि नाव बहुतेक वेळा नसतं. ती कोण होती, तिची मुलं कुठं गेली, आज कुणीच सांगू शकत नाही. कपडे, दागिने, उभं राहण्याची ढब सगळं स्पष्ट दिसतं आणि बाई मात्र हरवलेली. आम्हाला हे फोटो पाहताना राग येतो, हे सांगून टाकलेलं बरं.

पुढं १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी मसाला जिलेटिनमध्ये मिसळून कोरडी काच करून दाखवली. थोड्याच वर्षांत कारखान्यात तयार झालेल्या काचा डब्यात बंद होऊन विकायला आल्या. आता तंबू नको, बैल नको. काच आज वापरा, धुवा आठ दिवसांनी. यातून घडीचा कॅमेरा जन्माला आला.

हा कॅमेरा मिटला की जाड पोथीएवढा. पुढचं झाकण खाली पाडलं की तेच बैठक व्हायचं. त्यावरच्या रुळांवरून भिंग पुढं ओढायचं, मागून भाता उलगडत यायचा. मागच्या बाजूला धुरकट काच असे. तिच्यावर समोरचं चित्र उमटे, तेही उलटं, डोकं खाली आणि पाय वर. चित्र नीट दिसावं म्हणून काहीजण डोक्यावर काळं कापड घेत. भिंग मागंपुढं करून चित्र ठीक झालं की धुरकट काच काढायची आणि तिथं मसाल्याच्या काचेची चपटी पेटी बसवायची. पेटीचा पडदा वर ओढायचा, खटका दाबायचा, पडदा परत खाली. झाला एक फोटो. दुसऱ्याला दुसरी काच. दहा फोटो हवे असतील तर दहा काचांचं ओझं, म्हणून माणूस विचार करून खटका दाबायचा.

या घडीच्या कॅमेऱ्यांची गंमत जपानमध्ये जास्त दिसते. टोकियोत सुगिउरा कुटुंबाचं औषधांचं दुकान होतं. १८७३ पासून तिथं फोटोचं सामान विकायला सुरुवात झाली. या कोनिशी दुकानाची पुढं मोठी कंपनी झाली, नाव कोनिका. त्यांनी १९०३ मध्ये ‘चेरी’ नावाचा कॅमेरा काढला, सामान्य गिऱ्हाइकासाठी. तो पेटीसारखा, न मिटणारा. मग १९०९ च्या सुमारास आला ‘लिली’, काचेचा आणि घडीचा. चेरी, लिली, पर्ल, म्हणजे फुलं आणि मोती. नावं अशी नाजूक ठेवली, तरी कॅमेरे हातात धरणारे बहुतेक पुरुषच असावेत, असं आम्हाला वाटतं.

काचांची मापंही तिथं घरगुती नावांनी ओळखली जात. साडेसहा बाय नऊ सेंटिमीटरच्या काचेला ते ‘दाइमेइशी’ म्हणत. म्हणजे मोठं भेटपत्र, आपण व्हिजिटिंग कार्ड म्हणतो तसं. आठ बाय साडेदहा सेंटिमीटरची ती ‘तेफुदा’, म्हणजे हातात मावणारं पत्र. आपण कसं मापटं, चिपटं, पायली म्हणतो आणि सगळ्यांना कळतं, तसंच.

दुसरी गोष्ट काझुओ ताशिमा यांची. त्यांनी १९२८ मध्ये ओसाकाच्या बाजूला कंपनी काढली. नावाचा अर्थच जपानी-जर्मन कॅमेऱ्याचं दुकान, कारण मदतीला दोन जर्मन कारागीर होते, आणि सुरुवातीला भिंग नि खटका जर्मनीहून यायचा. पहिला कॅमेरा १९२९ चा, रोलचा. पुढच्या वर्षी ‘निफकाक्लॅप’ आणि ‘निफकास्पोर्ट’ हे काचेचे, घडीचे. मग ‘हॅपी’ नावाचा. नावं वेगळी, पण जवळून पाहिलं तर पेटी बरीचशी तीच. एकाला साधा खटका, एकाला भारी. एकाचं भिंग जास्त उजेड घेणारं, एकाचं कमी. किंमत त्यावर ठरे. आपण शिलाई मशीन घेतो तेव्हा दुकानदार मशीन तेच दाखवतो, पण पायटा हवा की मोटर, टेबल कोणतं, यावर भाव बदलतो. कॅमेऱ्याच्या मॉडेलांचं बरंचसं गूढ एवढंच आहे. आज जुने कॅमेरे गोळा करणारे लोक एका स्क्रूवरून भांडतात, ते वेगळं.

याच कंपनीनं १९३३ मध्ये आपल्या कॅमेऱ्याला ‘मिनोल्टा’ हे नाव दिलं. ते जपानी शब्दांशी जुळतं : मिनोरू म्हणजे पिकणं आणि ता म्हणजे भातखाचर. पिकलेलं भाताचं खाचर! जपानमध्ये एक म्हण आहे, भाताची ओंबी जितकी भरते तितकी वाकते. ताशिमांची आई ती सांगायची आणि नाव ठेवताना त्यांच्या मनात ती होती, असं सांगतात. कंपनीच्या दरबारी इतिहासात एका आईचं बोलणं टिकलं, तेही भाताच्या ओंबीमुळं. भोर-वेल्ह्यातल्या बायकांना ओंबी कधी वाकते ते सांगायची गरज नाही.

आपल्याकडच्या हवेचा या कॅमेऱ्यांना मोठा ताप. पावसाळ्यात कातडं बुरसतं, सरस सुटतो, वाळवी लागते. म्हणून विलायतेतल्या कंपन्या उष्ण देशांसाठी खास कॅमेरे करत. कातड्याचं वेष्टण नाही, नुसतं सागवान आणि पितळी पट्ट्या. त्यांना ‘ट्रॉपिकल’ म्हणत. जपानमध्येही ‘ट्रॉपिकल लिली’ निघाला होता. आपल्याकडच्या वाड्यांची सागवानी दारं बघितली, की सागच का, ते कळतं.

आता घरातल्या अंधाऱ्या खोलीची गोष्ट. दादासाहेब फाळके सिनेमा काढण्याआधी फोटोग्राफर होते. बडोद्यात त्यांचा धंदा बसला, कारण कॅमेरा माणसाची ताकद शोषून घेतो आणि माणूस मरतो अशी भीती पसरली होती. आपल्या आज्या-पणज्याही फोटोला घाबरत, असं तुम्ही ऐकलं असेल. त्यात वेडेपणा कमी आणि साथीच्या दिवसांतली धास्ती जास्त होती. खुद्द फाळक्यांची पहिली बायको आणि मूल १९०० च्या प्लेगमध्ये गेलं. दुसरी पत्नी सरस्वतीबाई. फाळके १९१२ मध्ये लंडनहून सिनेमाचा कॅमेरा घेऊन आले, तेव्हा फिल्मला कडेनं भोकं पाडायची, रसायनं कालवायची, फिल्म धुवायची, ही कामं सरस्वतीबाईंनी शिकून घेतली. दागिने त्या खटाटोपात गेले. शिवाय साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’चं नाव घेताना दादासाहेबांचं नाव येतं, ते योग्यच. त्याच दमात सरस्वतीबाईंचंही यावं.

होमाई व्यारावाला यांचंही असंच. त्यांचा जन्म १९१३ चा, नवसारीचा, शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत. देशातल्या पहिल्या महिला प्रेस फोटोग्राफर. सुरुवातीला त्यांचे फोटो पतीच्या नावानं छापले जात, कारण बाईचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांच्याकडं ‘स्पीड ग्राफिक’ होता. तोही भात्याचा, घडीचा आणि एका वेळी एकच फोटो काढणारा, आपण वर सांगितलेल्या कॅमेऱ्यांचा थोरला भाऊ.

मग आपल्या डोंगरात काय? भाटघरचं मोठं धरण १९२८ चं. वेळवंडीच्या काठची घरं, देवळं, शेतं पाण्याखाली गेली. कांबरेश्वराचं देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरलं की दिसतं, एरवी नाही. पानशेत धरण १२ जुलै १९६१ ला फुटलं आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतली घरं, कपाटं, ट्रंका सगळं वाहून गेलं. ज्यांचं गाव बुडालं आणि ज्यांच्या घरातून पाणी गेलं, त्यांच्या जुन्या फोटोंचं मोल वेगळं असतं. आपल्या कितीतरी आज्यांचा एकुलता एक फोटो मतदान ओळखपत्रावरचा आहे, तोही १९९३ नंतरचा.

म्हणून माळ्यावरच्या ट्रंकेत काच सापडली तर टाकू नका. खिडकीला बसवायला म्हणून घासूनही काढू नका, कारण अशा कितीतरी काचा जगभर खिडक्यांत गेल्या. एक बाजू चकचकीत आणि एक मंद असेल तर मंद बाजू मसाल्याची. तिला बोट लावायचं नाही, पाणी लावायचं नाही, पुसायचं नाही. कडेनं धरायची. प्रत्येक काच वेगळ्या कोऱ्या कागदात गुंडाळायची आणि ताटं लावतो तशी उभी ठेवायची, एकावर एक रचायची नाही. चुलीच्या धुरापासून आणि पावसानं ओल येणाऱ्या भिंतीपासून लांब. काचेवर कोण आहे ते बघायचं असेल तर तिच्यामागे पांढरा कागद धरून खिडकीच्या उजेडात मोबाईलनं फोटो घ्या. मोबाईलमध्ये रंग उलटे करायची सोय असते, शाळेतल्या मुलीला विचारा, ती दोन मिनिटांत करून देईल आणि काळ्या चेहऱ्याचा माणूस उजळून समोर येईल. कागदी फोटो तसबिरीच्या काचेला चिकटला असेल तर ओढू नका, तसाच मोबाईलमध्ये घ्या.

आणि घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर याच आठवड्यात त्यांच्यापुढं फोटो ठेवा. मागच्या बाजूला शिसपेन्सिलीनं, हलक्या हातानं लिहा. बॉलपेननं नको, शाई पुढं उमटते. नाव, माहेरचं नाव, गाव, साधारण साल आणि कोणाच्या लग्नातला किंवा बारशातला ते. कडेला उभी असलेली, पदर तोंडावर ओढलेली जी बाई असते, तिच्यापासून सुरुवात करा. तिचं नाव सांगणारं माणूस बहुतेक वेळा एकच उरलेलं असतं.