पहिला कॅमेरा: ब्राउनी ते मिररलेस, व्हाया ढोकी

मंडळी, या वीकांताला जरा वेगळा विषय. फोनवर बरे फोटो यायला लागले की सगळ्यांनाच एक प्रश्न पडतो, "आता खरा कॅमेरा घ्यावा का? घेतला तर स्वस्तातला कुठला?" जालावर याची हजार उत्तरं सापडतील, आणि दर सहा महिन्यांनी ती बदलतात. मी म्हटलं, मॉडेल नंबर बाजूला ठेवून हा प्रश्न आपल्याकडे आधी कोणाकोणाला पडला आणि त्यांनी काय केलं ते बघू. थोडा इतिहास, थोडं गणित आणि शेवटी खरेदीचा सल्ला, असा बेत आहे.

सुरुवात माझ्या आजोळापासून करतो. ढोकी, जिल्हा धाराशिव. तेरणा साखर कारखान्यामुळे बऱ्याच जणांना नाव ऐकून माहीत असेल. ढोकीच्या जवळच तेर आहे, संत गोरा कुंभारांचं गाव. पेरिप्लसमध्ये ज्या 'तगर' नावाच्या बाजारपेठेचा उल्लेख आहे ते हेच. पुरातत्त्व खात्याच्या हेन्री कझेन्स यांनी १९०२-०३ च्या वार्षिक अहवालात तेरवर सविस्तर लिहिलं, आणि तिथलं विटांचं त्रिविक्रम मंदिर हे मुळात बौद्ध चैत्यगृह असावं, हे अभ्यासकांपुढे आणलं. त्या काळी असं काम करायचं म्हणजे लाकडी कॅमेरा, तिकाटणं आणि काचेच्या प्लेटा घेऊन हिंडायचं. लातूरपर्यंत बार्शी लाइट रेल्वे पोचली ती १९११ साली. त्याआधी हे ओझं बैलगाडीतूनच यायचं.

हा सगळा मुलूख तेव्हा निजामाचा. निजामाच्या दरबारी राजा दीनदयाळ यांच्यासारखा अव्वल फोटोग्राफर होता. पण दरबार हैदराबादला, आणि कॅमेरा ही गोष्ट दरबाराची, साहेबाची किंवा मुंबईतल्या शिकलेल्या मंडळींची. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिथल्या सुरुवातीच्या भारतीय फोटोग्राफरांपैकी एक. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टनमध्ये फोटोग्राफीचा वर्गही सुरू झाला. म्हणजे मराठी माणूस या कलेत अगदी पहिल्या फळीत होता. मात्र तो डॉक्टर असावा लागे, नाहीतर पैसेवाला तरी.

हे चित्र बदललं ते ईस्टमनसाहेबांमुळे. १८८८ चा पहिला कोडॅक २५ डॉलरला मिळायचा, आत शंभर फोटोंचा रोल भरलेला. फोटो संपले की अख्खा कॅमेरा कंपनीकडे पाठवायचा. धुणं, छपाई आणि नवा रोल मिळून १० डॉलर. मग १९०० साली आला ब्राउनी. किंमत फक्त एक डॉलर! पुठ्ठ्याची पेटी आणि पुढे एक साधं भिंग. पहिल्याच वर्षी लाखाच्या वर खपला.

आता यातली गंमत बघा. कॅमेरा एक डॉलरला, पण सहा फोटोंचा रोल १५ सेंटला आणि तो धुऊन घ्यायला ४० सेंट. म्हणजे दोन रोल वापरलेत की कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा जास्त खर्च झाला. कंपनीला ब्राउनी विकायचा नव्हताच, तिला फिल्म विकायची होती. प्रिंटर स्वस्त आणि शाई महाग हा प्रकार आपण आज बघतो, त्याचे हे पणजोबा. नवशिक्यासाठी यातून निघणारी गोष्ट एवढीच, की कॅमेऱ्याची किंमत ही पहिली किंमत असते, ती शेवटची समजू नये.

हे ज्याला नेमकं कळलं होतं असा माणूस म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. आपण त्यांना एकदम 'राजा हरिश्चंद्र'पासून ओळखतो, पण त्यांचा कॅमेऱ्याशी संबंध त्याच्या वीसेक वर्षं आधीचा. १८९० च्या सुमाराला बडोद्याच्या कलाभवनात शिकत असताना त्यांनी पहिला कॅमेरा घेतला. पुढे गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा टाकला. तिथे प्लेगमध्ये पत्नी आणि मूल गेलं, धंदाही सुटला. १९०३ मध्ये ते पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समन म्हणून लागले. म्हणजे कझेन्स तेरवर लिहीत होते त्याच सुमाराला, त्याच खात्यात.

चित्रपटाचं वेड लागल्यावर फाळक्यांनी आधी एक छोटा कॅमेरा आणि थोड्या रिळी घेऊन घरीच प्रयोग केले. मग विमा पॉलिसी गहाण टाकून दहा हजार रुपये कर्ज काढलं आणि १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. तिथे ५० पौंडांचा विल्यमसन कॅमेरा घेतला. तेव्हा पौंड १५ रुपयांचा होता. म्हणजे कॅमेरा झाला ७५० रुपयांचा, कर्जाऊ रकमेच्या फक्त साडेसात टक्के! बाकीचे पैसे प्रवास, छिद्रं पाडायचं यंत्र, धुण्या-छापण्याची सामग्री आणि कच्ची फिल्म यांसाठी. कॅमेऱ्यावर सगळं उधळून फिल्मला पैसे नाहीत, अशी वेळ त्यांनी येऊ दिली नाही. त्यांच्या आधी, १८९० च्या दशकात, सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनीही लंडनहून २१ गिनींचा चलत्चित्राचा कॅमेरा मागवला होता. त्यांचा फोटो स्टुडिओ आधीपासून चालू होता. आधी स्थिरचित्रात हात बसवला, मग पुढची उडी मारली. दोघांचा क्रम सारखाच आहे.

परत आल्यावर फाळक्यांनी काय शूट केलं? कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि महिनाभर रोज थोडं थोडं चित्रण केलं. बी अंकुरतं, वेल वर चढते, सगळं मिनिटभरात. 'अंकुराची वाढ' ती हीच. ना नट, ना सेट. हा तुकडा दाखवून त्यांनी पुढचं भांडवल मिळवलं, आणि ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' कॉरोनेशनमध्ये लागला.

मधली वर्षं भरभर घेतो. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं आली आणि परदेशी कॅमेरा सर्वसामान्यांच्या आवाक्याबाहेर गेला. तेव्हा मध्यमवर्गाच्या हातात आला तो आग्फा क्लिक थ्री. हा बनायचा बडोद्यात, न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये. आमच्या थोरल्या मामाकडे एक होता, चामडी केसमध्ये. १२० चा रोल, त्यात फक्त बारा फोटो. ऊन असेल तर एक खूण, ढग असतील तर दुसरी, संपले सेटिंग! एक रोल दसऱ्याला घातला की पाडव्यापर्यंत पुरवायचा, आणि मग कोणी लातूरला किंवा बार्शीला जाणार असेल त्याच्याकडे धुवायला द्यायचा. पुढे उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची 'इंदू' फिल्म मिळायला लागली. ऐंशीच्या दशकात हॉट शॉट आणि याशिका, नव्वदमध्ये कोडॅकचा केबी टेन, आणि मग डिजिटल. कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये पहिला डिजिटल कॅमेरा जोडला होता, आणि २०१२ मध्ये कोडॅकनेच दिवाळखोरीचा अर्ज केला. फिल्मवर जगणाऱ्या कंपनीला फिल्म नको असलेला कॅमेरा परवडला नाही.

बरं, हे सगळं आज का आठवलं? तर ढोकीहून मामेभावाच्या मुलाचा फोन आला. वय वीस. तेरच्या मंदिराचे, ऊसतोडीचे, आजीचे फार सुंदर फोटो काढतो, सगळे फोनवर. म्हणाला, "काका, सोयाबीनचे पैसे आलेत. वडील पंचवीस हजार देतो म्हणतेत. बाकीचे हप्त्यानं भरून नवा मिररलेस घेऊ का? लग्नाच्या ऑर्डरी मिळतील."

प्रश्न साधा नाही. आपल्याला पुण्यात बसून पंचवीस हजार म्हणजे एक वीकांत आणि एक मॉल. तिकडे ती अख्ख्या हंगामाची शिल्लक. शिवाय हप्ता सुरू होतो लगेच आणि ऑर्डर मिळते पुढच्या लग्नसराईत. म्हणून मी थेट हो किंवा नाही न म्हणता त्याला हिशोब करून दाखवला. तोच इथे देतो.

फोटोत किती प्रकाश येतो ते मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं, सेन्सर केवढा आणि भिंगाचं तोंड किती उघडतं. चांगल्या फोनचा मुख्य सेन्सर साधारण ९.८ गुणिले ७.३ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ७२ चौरस मिमी. स्वस्त डीएसएलआर किंवा मिररलेसमध्ये असतो एपीएस-सी. निकॉनचा धरला तर २३.५ गुणिले १५.६, म्हणजे ३६६. फोनच्या पाचपट. (क्लिक थ्रीची निगेटिव्ह होती ५६ गुणिले ५६, म्हणजे ३१३६! मामाच्या त्या डब्याचं क्षेत्रफळ आजच्या फोनच्या चाळीसपटीहून जास्त होतं :) )

आता भिंग. फोनचं असतं एफ/१.८ च्या आसपास. कॅमेऱ्यासोबत फुकट येते ती १८-५५ किट लेन्स, १८ वर ती जास्तीत जास्त एफ/३.५ उघडते. प्रकाश या आकड्याच्या वर्गाच्या उलट प्रमाणात येतो. ३.५ भागिले १.८, त्याचा वर्ग, साधारण ३.८. म्हणजे सेन्सरने पाचपट कमावलं त्यातलं जवळजवळ चारपट किट लेन्सने घालवलं. हातात उरला सव्वा ते दीडपट फायदा! वर फोन एका क्लिकमध्ये अनेक फ्रेम घेऊन त्या जोडतो. त्यामुळे नवा कॅमेरा घेऊन घरातल्या ट्यूबलाइटमध्ये फोटो काढला की बरेच जण म्हणतात, "अरेच्चा, माझ्या फोनवर याहून बरा येतो." कॅमेरा खराब नसतो, फक्त हा भागाकार कोणी सांगितलेला नसतो.

यावर उपाय म्हणजे ५० मिमी एफ/१.८ ची प्राइम लेन्स. एफ/१.८ आणि मोठा सेन्सर एकत्र आले की पाचपट फायदा पूर्ण मिळतो. फोनला तेवढं जवळ जायला क्रॉप करावं लागतं, ते वेगळंच. हळदीच्या वेळी हात हलतायत, मांडवात प्रकाश कमी आहे, अशा ठिकाणी फोनची फ्रेमा जोडायची युक्ती फसते आणि ही लेन्स तारून नेते. किमतीतही ती सर्वांत स्वस्त लेन्सांपैकी एक आहे.

तेव्हा माझा सल्ला असा. नवा मिररलेस किट लेन्ससह चाळीस-पन्नास हजारांच्या घरात जातो. त्याऐवजी निकॉनचा डी३००० मालिकेतला किंवा कॅननचा १३००डी, १५००डी असा वापरलेला डीएसएलआर घ्यावा, आणि उरलेल्या पैशात ५० मिमी, एक जादा बॅटरी, चांगलं मेमरी कार्ड. कंपन्यांचं लक्ष आता मिररलेसकडे आहे, त्यामुळे जुने डीएसएलआर स्वस्तात निघतायत. शिकणाऱ्याला ते पुरेसे आहेत.

जुना घेताना मात्र चार गोष्टी बघा.

एक, शटर किती वेळा पडलंय तो आकडा. या वर्गातल्या कॅमेऱ्यांचं शटर साधारण लाखभर क्लिक गृहीत धरून बनवलेलं असतं. साठ-सत्तर हजार झाले असतील तर भाव पाडून मागा.

दोन, लेन्सच्या मागून टॉर्च मारून आत बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे आहेत का ते पाहा. मुंबई-कोकणात वापरलेल्या लेन्सला हा धोका जास्त. आपल्याकडची हवा कोरडी, पण धूळ आहे, म्हणून शेतात उभं राहून लेन्स बदलू नका.

तीन, निकॉनच्या या छोट्या बॉडीत फोकसची मोटर नसते. जुनी एएफ-डी लेन्स स्वस्त मिळाली म्हणून घेतलीत तर फोकस हातानेच करावा लागेल. एएफ-एस लिहिलेलीच घ्या. कॅननच्या ईएफ लेन्सला ही अडचण नाही.

चार, विकणाऱ्यासमोरच वीस-पंचवीस फोटो काढून ते मोठे करून बघा. एक फोटो पांढऱ्या भिंतीचा, म्हणजे सेन्सरवरचे डाग दिसतील.

आणि हो, ऑर्डर मिळण्याआधी हप्ता नको, हे मी त्याला तीनदा सांगितलं. पहिल्या हंगामात लातूर किंवा धाराशिवच्या एखाद्या फोटोग्राफरच्या हाताखाली जा, दुसरा कॅमेरा म्हणून उभा राहा, मांडवात कुठे थांबायचं ते शिक. मिररलेस दोन वर्षांनी आणखी स्वस्त झालेला असेल.

तो थोडा हिरमुसला. "काका, लोक कॅमेरा बघूनच ऑर्डर देतेत," म्हणाला. त्याच्या म्हणण्यातही तथ्य आहे, गावात पाटीचा आणि लेन्सच्या लांबीचा प्रभाव पडतो. पण फाळक्यांना पैसे मिळाले ते विल्यमसनचा डबा दाखवून नाही, वाटाण्याची वेल दाखवून. म्हणून त्याला सध्या एक काम दिलंय. जुना कॅमेरा चांगला मिळेपर्यंत फोनवरच, एकच विषय, तीस दिवस, रोज एक फोटो. विषय त्याने लगेच निवडला, आजी आणि तिची चूल. बारा दिवस झालेत. तिसऱ्या दिवसापासून त्याने फ्लॅश बंद केलाय आणि खिडकीचा उजेड कधी येतो त्याची वेळ तो वहीत लिहून ठेवतोय.