पीएच.डी. झाली, पुढे काय?



मंडळाच्या गणपतीला नाहीतर दिवाळीच्या कार्यक्रमाला इथल्या विद्यापीठांत शिकणारी आपली मुलेमुली हमखास भेटतात. जेवणाच्या रांगेत कोणीतरी काकू विचारतात, "पीएच.डी. कधी संपणार?" त्याचे उत्तर मिळते. "मग पुढे काय?" म्हटले की बरेचजण गप्प होतात. भारतातल्या आईवडिलांना तर डॉक्टरेट म्हणजे प्राध्यापकी एवढेच माहीत असते. म्हणून अमेरिकेत विज्ञान किंवा अभियांत्रिकीत डॉक्टरेट करणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी ही माहिती एकत्र देत आहोत.

आधी घड्याळ पाहा

एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याला पदवीनंतर १२ महिने ओपीटीवर काम करता येते. त्याचा अर्ज अभ्यासक्रम संपण्याआधी ९० दिवसांपासून ते संपल्यावर ६० दिवसांपर्यंत करता येतो. या काळात एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांना आणखी २४ महिने मिळतात, पण त्यासाठी नोकरी देणारी संस्था ई-व्हेरिफाय योजनेत नोंदलेली असावी लागते. म्हणून "प्रबंध संपला की बघू" हे धोरण महागात पडते. नोकरीचा शोध प्रबंध सादर करण्याच्या निदान वर्षभर आधी सुरू करावा, असे आमचे सांगणे आहे.

१. पोस्टडॉक

जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र यांत प्राध्यापक व्हायचे तर पोस्टडॉक बहुधा लागतेच. पगार मात्र बेताचा. एनआयएच या सरकारी संस्थेने २०२४ साली नव्या पोस्टडॉकसाठी वर्षाला ६१,००८ डॉलर ही रक्कम ठरवली होती आणि अनेक विद्यापीठे तिच्याच आधाराने पगार देतात. महागड्या शहरात यावर संसार चालवणे कठीण. एनआयएचचे के९९ अनुदान नागरिक नसलेल्यांनाही मिळू शकते, पण पोस्टडॉकची पहिली चार वर्षे उलटण्याआधी अर्ज करावा लागतो.

व्हिसा जे-१ की एच-१बी, हे घरात बसून ठरवा. जे-१ असेल तर पती किंवा पत्नीला कामाचा परवाना मागता येतो. एच-१बी असेल तर जोडीदाराला तो सहसा ग्रीनकार्डाचा एक टप्पा, म्हणजे आय-१४० मंजूर झाल्यावरच मिळतो. उलट जे-१ वर काहींना दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट लागते. डिसेंबर २०२४ मध्ये या अटीच्या कौशल्य-यादीतून भारत वगळला गेला, पण सरकारी पैशावर आलेल्यांना ती अट अजूनही लागू शकते.

२. प्राध्यापकी

जाहिराती साधारण ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये येतात, मुलाखती हिवाळ्यात होतात आणि रुजू व्हायचे ते पुढच्या ऑगस्टमध्ये. एक हंगाम चुकला की वर्ष गेले. संशोधन विद्यापीठांइतकीच अध्यापनावर भर देणारी लहान कॉलेजेही पाहावीत. तिथे शिकवण्याचा अनुभव मोलाचा ठरतो.

३. उद्योगधंदे

औषधनिर्मिती, सेमीकंडक्टर, सॉफ्टवेअर, बँका, विमा कंपन्या, सगळीकडे डॉक्टरेट झालेले लोक लागतात. इथे वीस पानी सीव्ही कोणी वाचत नाही, दोन पानी रेझ्युमे लागतो. एच-१बीच्या वर्षाला ६५,००० आणि अमेरिकेतील मास्टर्स किंवा त्यावरील पदवीधरांसाठी २०,००० अशा जागा असतात. त्यांची नोंदणी मार्चमध्ये होते. विद्यापीठे आणि ना-नफा संशोधन संस्था मात्र या मर्यादेबाहेर आहेत. सप्टेंबर २०२५ च्या अध्यक्षीय घोषणेने देशाबाहेर असलेल्यांच्या नव्या एच-१बी अर्जांवर १,००,००० डॉलर लावण्यात आले. त्यामुळे या काळात भारतात जाण्याआधी वकिलाचा सल्ला घ्यावा.

४. आणखी काही वाटा

पेटंटचे काम, शास्त्रीय लेखन-संपादन, सल्लागार कंपन्या याही वाटा आहेत. राष्ट्रीय प्रयोगशाळांतल्या काही जागा परदेशी नागरिकांना खुल्या असतात, काही नसतात. सरकारी पेटंट परीक्षक होण्यासाठी नागरिकत्व लागते. अर्जाआधी ही अट वाचावी, कष्ट वाचतील.

५. भारतात परत

हा पर्याय "इथे जमले नाही म्हणून" असा समजू नये. केंब्रिजला १९६३ मध्ये डॉक्टरेट मिळवलेले डॉ. जयंत नारळीकर १९७२ मध्ये मुंबईच्या टीआयएफआरमध्ये परतले आणि १९८८ मध्ये त्यांनी पुण्यात आयुका उभारली. परतणाऱ्यांसाठी रामानुजन आणि रामलिंगस्वामी या फेलोशिप आहेत. पुण्यातच एनसीएल आणि २००६ मध्ये सुरू झालेली आयसर या संस्था आहेत. वयाच्या अटी आधी तपासाव्यात, कारण पोस्टडॉक लांबत गेले की ही दारे बंद होत जातात.

ग्रीनकार्डाबद्दल एकच सांगतो. ईबी-२ वर्गात भारतीयांची रांग दहा वर्षांहून लांब आहे. तेव्हा नोकरी घेतानाच "अर्ज कधी करणार?" हे विचारायला संकोच करू नये.

आईवडिलांसाठी दोन शब्द

मुलगी कंपनीत गेली म्हणजे तिची डॉक्टरेट वाया गेली, असे कृपया म्हणू नका. व्यंकटरामन रामकृष्णन यांनी १९७६ मध्ये भौतिकशास्त्रात डॉक्टरेट केली, मग पुन्हा विद्यार्थी होऊन जीवशास्त्र शिकले. येलमधल्या पोस्टडॉकनंतर पन्नासेक ठिकाणी अर्ज करूनही त्यांना प्राध्यापकी मिळाली नाही, म्हणून ते राष्ट्रीय प्रयोगशाळेत गेले. २००९ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. सगळ्यांनाच नोबेल मिळत नाही, पण वाट बदलली म्हणजे माणूस हरला असे होत नाही, एवढे यातून घ्यावे.

खरा धोका वेगळाच आहे. काहीच न ठरवता एका पोस्टडॉकमधून दुसऱ्यात जात राहायचे आणि चाळिशीला हिशेब करायचा! म्हणून डॉक्टरेटच्या शेवटच्या दोन वर्षांत एकदा शांतपणे बसून तीन प्रश्न लिहून काढा. मला कोणते काम आवडते? घरच्यांना काय हवे आहे? व्हिसा किती दिवस साथ देईल?

नियम वारंवार बदलतात, तेव्हा अर्जापूर्वी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जरूर विचारा. आणि आपल्यापैकी जे या वाटांनी आधी गेले आहेत, त्यांनी पुढच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत "पुढे काय?" विचारून न थांबता, "चल, बसून बोलू" असेही म्हणावे.

सर्व नव्या डॉक्टरांना मनःपूर्वक शुभेच्छा!