काजळ आणि हिरा

माझ्या लहानपणी आमची अम्मी घरीच काजळ धरायची. पेटत्या दिव्यावर पितळेची ताटली पालथी घालायची. थोड्या वेळाने तिच्यावर मऊ, काळा थर बसायचा. पुढे शाळेत वाचले, की हे काजळ म्हणजे कार्बन आणि हिराही कार्बनच! विश्वास बसेना. फरक फक्त अणूंच्या मांडणीचा. पण केसाहून पातळ थरातली ही मांडणी, तो थर न मोडता ओळखायची कशी?

या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात कोलकात्यात झाली. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी चंद्रशेखर वेंकट रामन यांना, के. एस. कृष्णन यांच्या साथीने, एक गोष्ट आढळली. पदार्थावर एकाच रंगाचा प्रकाश टाकला, तर विखुरलेला बहुतेक प्रकाश त्याच रंगाचा असतो. थोडासा मात्र रंग बदलून येतो. पदार्थातल्या अणूंच्या कंपनांशी त्याने केलेली ती देवाणघेवाण असते. म्हणून हा बदल म्हणजे पदार्थाच्या अंगठ्याचा ठसाच. १९३० साली रामन यांना नोबेल मिळाले आणि त्याच वर्षी सी. रामस्वामी यांनी हिऱ्याच्या वर्णपटाची नोंद प्रसिद्ध केली. त्यात एकच ठसठशीत रेषा होती. आज तिचे स्थान १३३२ या आकड्याने सांगतात.

१९६० साली लेसर आला आणि हे काम सोपे झाले. १९७० मध्ये ट्विन्स्ट्रा आणि कोनिग यांनी ग्रॅफाइट तपासले. अखंड स्फटिकात १५७५ जवळ एक रेषा; कण बारीक झाले, की १३५५ जवळ दुसरी उमटते. ही दुसरी रेषा जितकी जोरकस, तितके कण लहान. मग १९८२ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी तापलेल्या तारेजवळून मिथेन आणि हायड्रोजन सोडून हिऱ्याचा पातळ थर वाढवला. असा थर खरा हिरा की नुसती काजळी, याची साक्ष १३३२ ची रेषा देऊ लागली.

पण साक्षीदार खरा असला, तरी ऐकणारा चुकू शकतो. साध्या दृश्य प्रकाशात ग्रॅफाइटसारखे बंध हिऱ्यासारख्या बंधांपेक्षा पन्नासपटींहून मोठ्याने बोलतात. त्या गलक्यात हिऱ्याचा आवाज बुडतो. २००० साली फेरारी आणि रॉबर्टसन यांनी या गोंगाटाचा अर्थ कसा लावावा, हे मांडले. अतिनील प्रकाशात तर हिऱ्यासारखे बंध थेट बोलताना ऐकू येतात.

संगणकाच्या हार्ड डिस्कवर हिऱ्यासारख्या कार्बनचा असाच अतिपातळ थर असतो. आपली पत्रे, फोटो, हिशेब त्याच्या आडोशाने सुरक्षित राहतात. तो थर कसा आहे, हे त्याला ओरखडा न काढता प्रकाशच सांगतो.

अम्मीची ती ताटली आता नाही. पण कंदिलाची काळवंडलेली काच पुसताना माझा हात क्षणभर थांबतो. मोठ्याने बोलणाऱ्याचेच ऐकून कुणाची पारख करू नये, एवढे त्या रेषांनी मला शिकवले.